हात एकाचे, सही दुसऱ्याची

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला, ६१ टक्के. मी म्हणलं अरे वा, मग आता काय, सायन्स घेतोस की कॉमर्स. तिकडून जरा वेळ काहीच आवाज नाही आणि मग एका दमात, "आत्या मला प्लंबर व्हायचंय, अण्णांना माहितेय, पप्पांना तू सांग."

आता हे पप्पांना सांगणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनाच कळेल. आम्ही प्लंबरचीच पोरं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ३४ वर्षं औरंगाबादमध्ये हेच काम केलं, सायकलच्या कॅरियरला पाईप पान्हा आणि आटे पाडायच्या डायचा सेट बांधून सकाळी सातला निघायचे. दादा वाळूजला कंपनीत लागला तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते ते एवढ्यासाठीच की चला, पोरगा त्या कामातून सुटला. आणि आता त्याच दादाचा पोरगा स्वतःहून तिकडेच चाललेला. दादा काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगते, "अण्णांनी जन्मभर लोकांचे तुंबलेले पाईप काढले, तेवढं पुरे आहे आपल्या घराण्याला." आणि फोन ठेवला.

मी चिडले नाही त्याच्यावर. त्याचं दुखणं मला माहितेय. शाळेत त्याच्या मित्राच्या घरचं चेंबर तुंबलं होतं आणि अण्णा ते काढत होते तेव्हा हा दारातून आत गेला नाही, बाहेरूनच परत आला, आणि हे त्याने मला तीस वर्षांनी सांगितलं. पण मला त्या दिवशी वेगळंच आठवत होतं. मला आठवत होती अण्णांची ती कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी.

त्या पिशवीत फाईल असायची. कुणाचं तरी नवीन नळ कनेक्शन, कुणाच्या तरी बंगल्याचं ड्रेनेज. काम अण्णांनी केलेलं असायचं, खोदाईपासून शेवटच्या तोटीपर्यंत, पण फॉर्मवर खाली एक रकाना असतो, परवानाधारक प्लंबरची सही आणि लायसन्स नंबर, आणि अण्णांकडे लायसन्स नव्हतं. मग ती पिशवी घेऊन ते एका लायसन्सवाल्यांच्या दुकानात जायचे, बाकड्यावर बसायचे, त्यांचं गिऱ्हाईक संपलं की उठून उभे राहायचे, पैसे द्यायचे आणि सही घ्यायचे. त्या माणसाने ते घर कधी बघितलेलं नसायचं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन, दोन-तीनदा गेलेय सोबत. अण्णा बाकड्यावर बसताना हात मांड्यांखाली ठेवायचे, कारण हातांना सफेदा, म्हणजे जोड गळू नये म्हणून लावतात तो पांढरा लेप, लागलेला असायचा आणि तो साबणाने पण निघत नाही.

आणि ही सही काही कुणी उगाच मागत नाही बरं का. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे, त्यातच परवानाधारक प्लंबर आहे. आपल्याकडच्या बाकीच्या महापालिकांना लागू असलेला १९४९ चा कायदा, त्यातही आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळी लोकांना कळलं होतं की पिण्याचं पाणी आणि घाण पाणी एकाच भिंतीतून जातं, तर ते जोडणारा माणूस कोण आहे हे कुठेतरी नाव टाकून लिहिलेलं पाहिजे. चांगलाच विचार आहे. मी स्वतः वीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात फायली बघते, इमारत पूर्ण झाली की ड्रेनेजच्या दाखल्यासाठी ही सही लागतेच, रोजचं काम आहे माझं. पण होतं काय, की हात एकाचे आणि सही दुसऱ्याची. काही बिघडलं तर शिव्या हातवाल्याला, आणि कागदावर तो माणूस कुठेच नाही.

म्हणून मी भाच्याला म्हणलं, तू प्लंबर हो, मी दादाला समजावते, पण एक कबूल कर, की तुझ्या कामाखाली तुझीच सही येईल असा रस्ता धरायचा. तिथपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील ती लागू दे.

मग आम्ही दोघं लागलो शोधायला. पंधरा-वीस दिवस हेच. आणि मला खरंच वाईट वाटलं की इंजिनिअरिंगला जायचं तर गल्लीतला कुणीही सांगेल काय काय करायचं, पण प्लंबर व्हायचं तर नीट सांगणारं एक माणूस सापडेना. जो तो म्हणतो, अरे त्यात काय शिकायचंय, एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लाव, सहा महिन्यांत तयार होईल.

हाताखालच्या रस्त्याला मी नावं ठेवणार नाही, अण्णा तसेच शिकले. पहिलं वर्ष नुसतं पाईप धरायचा, भिंतीला झिरी मारायची, मिस्त्रीचा चहा आणायचा, मग एक दिवस मिस्त्री आजारी पडतो आणि तुम्ही काम करता. हात बसतो त्यात, आणि माणसं कळतात, कुठली बाई खरंच अडचणीत आहे आणि कोण उगाच भाव पाडतोय. रोजचा पैसा पण लगेच सुरू होतो, घरी चूल त्यावर असेल तर दुसरं काय करणार माणूस. पण मिस्त्रीला जेवढं येतं तेवढंच तुम्हाला येतं, आणि का तसं करायचं हे त्याला स्वतःलाच कुणी सांगितलेलं नसतं.

हे 'का' न कळणं किती महागात पडतं ते आमच्या घरात घडलंय. अण्णांचं सगळं आयुष्य जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपावर गेलं. पाईप व्हाइसमध्ये धरायचा, तेल सोडत सोडत डाय फिरवायची, आटे पाडायचे, त्यावर सुत गुंडाळायचं, सुत आट्यांच्याच दिशेने गेलं पाहिजे नाहीतर फिटिंग बसवताना सुटून येतं, वरून सफेदा, आणि मग पान्ह्याने अंगातला सगळा जोर लावून आवळायचं. मग बाजारात सीपीव्हीसी आला, तो पिवळट प्लास्टिकचा, गरम पाण्याला चालणारा. आटे नाहीत, डाय नाही, सोल्युशन लावा, पाव फेरा फिरवून दाबा आणि थोडा वेळ धरून ठेवा. अण्णांनी ते पण शिकून घेतलं, दुकानदाराने दाखवलं तेवढं. पण जिथे प्लास्टिकचा आटा पितळी कॉकमध्ये जातो तिथे त्यांनी आपलं नेहमीचं केलं, सुत, सफेदा, आणि पूर्ण जोर. लाईन चालू करून दिली, एक थेंब गळाला नाही. दीड महिन्याने रात्री अकराला फोन, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या भिंतीतून पाणी आणि खालच्या घराचं पीओपी खाली आलेलं. फिटिंगला केसासारखी चीर गेली होती. अण्णांनी खालच्यांचं पीओपी स्वतःच्या पैशांनी करून दिलं आणि पुढचे कितीतरी दिवस ती चिरलेली फिटिंग खिशात घेऊन फिरत होते, ज्याला त्याला दाखवायचे, की बघा, कंपनीचा माल कसा येतोय.

माल चांगला होता. ते आम्हाला नंतर कळलं, सांगते पुढे.

दुसरा रस्ता छोट्या कोर्सचा. कौशल्य विकास योजनेत दोन-तीन महिन्यांचा कोर्स असतो, सर्टिफिकेट मिळतं, ड्रेस मिळतो. ज्याला आधीपासून काम येतं आणि फक्त कागद नाही, त्याच्यासाठी त्याच योजनेत आरपीएल म्हणून सोय आहे, तुमचं काम बघून, परीक्षा घेऊन तुम्हाला सर्टिफिकेट देतात. ही मला फार चांगली गोष्ट वाटते, वीस वर्षं काम केलेल्या माणसाला परत अआइई पासून बसवत नाहीत. पण सोळा वर्षांच्या पोराने तीन महिन्यांत तयार व्हायचं हे काही मला पटलं नाही. अण्णा पण म्हणाले, "तीन महिन्यांत फक्त पान्हा हातात कसा धरायचा ते कळतं."

गावाकडे राहणाऱ्यांसाठी अजून एक आहे, जलजीवन मिशन. २०१९ ला ते सुरू झालं तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांतच नळ होता, आता गावोगाव लाईनी पडल्यात, आणि त्या सांभाळायला गावातलाच माणूस तयार करायचा म्हणून नल जल मित्र, म्हणजे प्लंबिंग, मोटार, पंप सगळं थोडं थोडं येणारा. आमच्या मावसभावाच्या पोराला मी तेच सांगितलं, त्याला गाव सोडायचंच नाहीये.

आणि मग आयटीआय. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर पण घेतात. आता इथे एक गोष्ट जी आम्हाला फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी कळली आणि ज्यावर दोन रात्री चर्चा झाली. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एक वर्षाच्या ट्रेडला ती वाट नाही. दादा लगेच म्हणाला, मग फिटर घे ना, पुढे डिप्लोमा होईल, कंपनीत लागशील. चूक काहीच नव्हतं त्याच्या बोलण्यात. मी पण डळमळले खरं सांगते. पोरगा मात्र हलला नाही, म्हणाला, "मला डिप्लोमा करायचाच झाला तर बारावी करून करीन, पण प्लंबर व्हायला मी फिटर कशाला होऊ?"

आणि हो, लायसन्स देणार कोण ते आधी विचारून घ्या, हे मी ज्याला त्याला सांगते. वायरमनचं लायसन्स राज्य पातळीवरून मिळतं. प्लंबरचं तसं नाही, ते त्या त्या महापालिकेचं असतं, आणि शिक्षण किती हवं, अनुभव किती हवा, परीक्षा आहे की नाही, हे पण त्यांचं त्यांचं. एका शहराचं लायसन्स दुसऱ्या शहरात चालेलच असं धरून बसू नका. म्हणून कुठलाही कोर्स घ्यायच्या आधी एक दिवस सुट्टी काढा आणि ज्या शहरात काम करायचंय तिथल्या पाणीपुरवठा विभागात जाऊन समोर उभं राहून विचारा, की तुमच्याकडे लायसन्सला कुठला कागद चालतो. आधी तो कागद कळू दे, मग त्याच्यापर्यंत जाणारा कोर्स. आम्ही तसंच केलं, आणि म्हणून आयटीआय ठरलं.

पहिला दीड-दोन महिना पोरगा वैतागला होता. हातात पाईप नाहीच, नुसती कानस आणि लोखंडाचा तुकडा, घास आणि गुण्यात काटकोन बघ, परत घास. हॅकसॉने सरळ कापायचं. ड्रॉईंग, गणित. अण्णांना ते ऐकून गंमत वाटायची, म्हणायचे प्लंबरला ड्रॉईंग कशाला. मग एका रविवारी हा त्याचं ड्रॉईंग घेऊन आला, एका बाथरूमची सगळी लाईन तिरक्या बाजूने दिसते तशी काढलेली, एल्बो, टी, कॉक सगळं जागच्या जागी. अण्णांनी चष्मा लावला, कागद ओट्यावर पसरला आणि बोट ठेवून ठेवून पाणी कसं जाईल ते बघत गेले, टाकीपासून शॉवरपर्यंत. मग म्हणाले, "हे मी डोक्यात करायचो." आणि थोड्या वेळाने, "कागदावर असतं तर त्या गिऱ्हाईकाला दाखवता आलं असतं."

त्याच रविवारी आट्यांचा विषय निघाला. अण्णा आटे बघतात ते अंगठ्याच्या नखाने, नख आट्यांवरून ओढतात आणि सांगतात डाय झिजलीय की चांगली आहे. पोरगा म्हणाला अण्णा अर्धा इंचीला एका इंचात १४ आटे असतात, पाऊण इंचीला पण १४, आणि एक इंचीला ११. अण्णा म्हणाले असं काही नसतं. मग आतून एक जुना निप्पल, म्हणजे आटे पाडलेला पाईपाचा छोटा तुकडा, आणला, वहिनीच्या डब्यातली सुई घेतली, पट्टी लावली आणि ७० वर्षांचा माणूस दारात उजेडाला बसून एकेक आटा मोजत होता. बारा, तेरा, चौदा. काही बोलले नाहीत, निप्पल परत मोजला. मला त्या वेळी काय वाटलं ते शब्दांत नाही सांगता येणार, ३४ वर्षं ज्याने रोज ते आटे पाडले त्याला ते किती आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि चिरलेली फिटिंग. ती अजून अण्णांच्या पेटीत होती. पोराने बघितली आणि विचारलं सफेदा लावला होता का. म्हणाला सीपीव्हीसीच्या आट्याला तेलकट काही लावायचं नाही, ते प्लास्टिकला खातं, नुसती टेफ्लॉन टेप, आणि हाताने घट्ट झालं की वर पान्ह्याने थोडंसंच. जीआयसारखा जोर लावला की आतून ताण राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिरतं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "कंपनीचा माल चांगला होता गं."

असं नाही की शिकवण एकाच बाजूने चालली होती. आयटीआयमध्ये ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेत थोडं पाणी अडवून ठेवणारा भाग, शिकवला, त्यात कमीत कमी ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे म्हणजे गटारातला वास वर येत नाही, हे त्याला पाठ होतं. पण आमच्या वरच्या काकूंकडे बाथरूममध्ये वास येत होता, दोन प्लंबर येऊन गेले, एकाने फरशी फोडावी लागेल सांगितलं, तेव्हा अण्णांनी काकूंना एवढंच विचारलं की मे महिन्यात गावाला किती दिवस गेला होता, आणि नहाणी ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओतलं. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी सुकून गेलं होतं, बाकी काही नव्हतं. पोराने ते वहीत लिहून घेतलं. आणि बघा ना, नहाणी ट्रॅप, आपल्या न्हाणीतलाच शब्द आहे तो, इंजिनिअर लोकांच्या इंग्रजी ड्रॉईंगमध्ये पण तोच लिहिलेला असतो, मी रोज फायलींत बघते आणि मला दर वेळी बरं वाटतं.

ढाळ, म्हणजे पाणी आपोआप वाहावं म्हणून पाईपाला दिलेला उतार, हा अण्णांचा लाडका विषय. लहानपणी आम्हाला पाणचक्कीला न्यायचे तेव्हा बाकीची पोरं चक्की आणि मासे बघायची आणि अण्णा आम्हाला विचारायचे, पाणी आलं कुठून सांगा. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला नहर आणली, पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची, पण दोन्हींचं पाणी शहराबाहेरून, खापराच्या नळांतून, मोटार नाही काही नाही, नुसता ढाळ. नातवाला पण त्यांनी तिथेच नेलं, ॲडमिशन झाल्यावर.

आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखालची, स्टायपेंड मिळतो, त्यातला काही हिस्सा सरकार देतं, २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये. पैसा फार नाही, पण मोठ्या इमारतीचं काम बघायला मिळालं, पंप रूम, फायर लाईन, बारा मजल्यांचे डक्ट. तिथला फोरमन ओडिशाचा, केंद्रपाडा जिल्ह्यातला. त्याने पोराला सांगितलं की आमच्याकडे घराघरात प्लंबर, बाप प्लंबर, काका प्लंबर, आणि पट्टामुंडईला सरकारी प्लंबिंगची संस्थाच आहे, तिथे फक्त हेच शिकवतात. मला पोराने हे सांगितलं तेव्हा मी दादाला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिकडे हा हुन्नर म्हणून गावं ओळखली जातात, आणि आपण पेढे वाटले सुटलो म्हणून.

दादाचं मन खरं वळलं ते मात्र २०२४ मध्ये, जर्मनीच्या बातमीने. महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, यादीत प्लंबर पण, आणि फॅमिली ग्रुपवर ते फिरलं. एकदम सगळ्यांचे फोन. मी दादाला म्हणलं जाईल तर जाऊ दे, पण तिकडे या कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, बरंचसं कंपनीत आणि बाकीचं शाळेत, ते काय उगाच नसेल ना.

या सगळ्यात अण्णांनी एकदाच स्वतःसाठी काही विचारलं. २०२३ ला विश्वकर्मा योजना आली, १८ प्रकारचे कारागीर, टूलकिट, ओळखपत्र. म्हणाले बघ गं माझं नाव बसतंय का, टूलकिट नको, ते कार्ड मिळालं तर. मी यादी वाचली, सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, कुलूप करणारा आहे, टोपल्या विणणारा आहे. प्लंबर नाही. मी परत वाचली वरून. सांगितलं त्यांना. म्हणाले ठीक आहे, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

गेल्या महिन्यात पोराने लायसन्सचा फॉर्म भरायला घेतला. आयटीआयचं सर्टिफिकेट, अप्रेंटिसचं सर्टिफिकेट, फोटो, आणि एक अनुभवाचा दाखला, लायसन्सवाल्या प्लंबरच्या सहीचा. पोरगा फॉर्म घेऊन तसाच बसला. ढाळ कसा काढायचा, तुंबलेलं कुठे असेल ते आवाजावरून कसं ओळखायचं, गिऱ्हाईकाच्या घरात शिरताना चप्पल कुठे काढायची, हे सगळं ज्याने दाखवलं तो माणूस समोर खुर्चीवर बसलेला, आणि त्याची सही इथे चालणार नव्हती.

शेवटी तो जिथे काम करतो तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने दिला दाखला, त्यांच्याकडे लायसन्स आहे, आणि त्यांनी प्रत्यक्ष काम बघूनच दिला. चार ओळींचा होता. अण्णांनी चष्मा लावून वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला, नातवाचं पूर्ण नाव, आणि पुढे, यांनी माझ्या देखरेखीखाली पाणीपुरवठा व ड्रेनेजचे काम समाधानकारक केले आहे.

"लॅमिनेशन करून आण," म्हणाले.

"अण्णा, ओरिजिनल तिथे जमा करायचाय."

"मग झेरॉक्स काढ," आणि चपला घालून स्वतःच त्याच्यासोबत निघाले, जिन्यातून मला आवाज आला, "दोन काढ. एक मला."